सस्क्वेहानात मांडीभर पाण्यात एक दिवस: स्मॉलमाउथ बास आणि भिजलेली किल्ली

पाण्यातला_दगड
१२ ऑगस्ट, २२:५०

पहाटे पाचला उठलो की मी आधी मोबाईलवर हॅरिसबर्गजवळची सस्क्वेहाना नदीची पाणीपातळी बघतो आणि मग देवाला हात जोडतो. बायकोचं यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. आज आकडा होता ३.४ फूट. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, सरकारी मापकावरचं रीडिंग. पण चार उन्हाळे पाय बुडवल्यावर माझं गणित बसलंय. साडेतीनच्या आत असेल तर उतरायचं, चारला काठावरूनच गळ टाकायचा, त्यावर गेलं तर घरी बसून गवत कापायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सस्क्वेहाना ही न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या तळ्यातून निघते आणि सातशेहून जास्त किलोमीटर वाहून चेसापीकच्या खाडीला मिळते. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ तिचं पात्र जवळजवळ दीड किलोमीटर रुंद आहे. पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, बापरे, ही तर खाडीच. मग एक म्हातारा भर नदीच्या मध्यावर उभा दिसला, पाणी जेमतेम मांडीपर्यंत. इतकी रुंद आणि इतकी उथळ नदी मी दुसरी पाहिलेली नाही. नदी इथे डोंगरांच्या रांगा आडव्या कापत येते आणि त्या रांगांचे कठीण कातळ पात्रात पायऱ्यांसारखे आडवे पडून राहिलेत. प्रत्येक पायरीवरून पाणी खळाळतं, खाली छोटासा डोह, पुढे पुन्हा पायरी. चिक्कार बेटं. स्मॉलमाउथ बासला आणखी काय पाहिजे!

(उच्चार खरा 'बॅस' आहे. पण आमच्या घरात बासच म्हणतात, आणि का म्हणतात ते पुढे कळेल.)

फोर्ट हंटरपाशी गाडी लावली आणि सहाच्या सुमारास उतरलो. खाली रॉकव्हिलचा दगडी रेल्वेपूल धुक्यात अर्धाच दिसत होता. १९०२ सालचा, ४८ कमानींचा. दगडी कमानींच्या रेल्वेपुलांत जगातला सगळ्यात लांब म्हणतात. मालगाडी जायला लागली की संपेचना, मी डबे मोजत बसलो आणि पहिला मासा तिथेच घालवला. गळाला झटका बसला तेव्हा मी ऐंशीवर होतो.

सामान फार नसतं. पावणेसात फुटी रॉड, आठ पौंडी दोरी, छातीवर एक छोटी पिशवी. उन्हाळ्यात रबरी वेडर (पाणी न शिरणारी लांब पँट) घालत नाही, साधी चटकन वाळणारी पँट आणि घट्ट बूट. हातात मात्र काठी हवीच. या नदीतले दगड म्हणजे तेल लावलेले नारळ. पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. पुढचा पाय पक्का बसला की मगच मागचा सोडायचा. नवशिका ओळखायचा तो इथेच. तो पाण्यात चालतो, जुना माणूस पाण्यात सरकतो.

हे मला कोणत्याही व्हिडिओने शिकवलेलं नाही. संगमेश्वरला शास्त्री नदीत भाईकाकांच्या मागून गरवायला जायचो तेव्हा ते ओरडायचे, "रे, नाचू नको, मासा पायानी ऐकतो!" दुसरी गोष्ट त्यांचीच. मासा धारेत नसतो, धारेच्या शेजारी असतो. धारेतून त्याचं जेवण वाहत येतं, तो कडेला संथ पाण्यात उभा राहून ताटाची वाट बघतो. शास्त्रीतल्या खडसाला, म्हणजे महसीर माशाला, हे लागू होतं आणि सस्क्वेहानातल्या बासलाही शंभर टक्के लागू होतं.

तर सातच्या सुमारास एका पायरीखाली उभा होतो. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे मिळतं तिथे एक रेघ दिसते, फेसाचे बुडबुडे एकामागून एक त्या रेघेवरून जातात. तिच्या वरच्या टोकाला रबरी किडा टाकला. बोटाएवढा, पुढे छोटं शिशाचं डोकं, हिरवट तपकिरी. हा रंग क्रेफिशचा, म्हणजे आपल्या झिंग्याच्या नांगीवाल्या भावंडाचा. बासचं ते आवडतं खाणं. किडा दगडाला टक् टक् टेकत खाली येत होता. ते बोटाला कळतं, दोरी तर्जनीवर घेतलेली असते म्हणून. टक्. टक्. मग टक् आलंच नाही. दोरी नुसती जड झाली, ओलं फडकं अडकल्यासारखी. झटका नाही, काही नाही. मी मनगट वर घेतलं आणि नदी फुटली.

हा मासा पाण्याबाहेर उडतो. हवेत अंग वळवतो, तोंड उघडं ठेवून डोकं हापटतो, अर्धे गळ तिथेच निसटतात. तीनदा उडाला, मग धारेत शिरून पाणी अंगावर घेऊन ओढायला लागला. मी दोन पावलं खाली सरकलो आणि शेवटी हाताशी आला. खालचा ओठ अंगठ्याने धरला. अंगाचा रंग जुन्या पितळी तांब्यासारखा, त्यावर उभे काळपट पट्टे, डोळा लालभडक. जबडा डोळ्याच्या मागे जात नाही, त्याच्या लार्जमाउथ भावाचा जातो. नावातलं 'स्मॉल' तेवढंच. रॉडवरच्या खुणेवर मोजला, १७ इंच. गळ चिमट्याने काढला, ओंजळीत धारेकडे तोंड करून धरला, दोन श्वास घेतले त्याने आणि शेपटी माझ्या मनगटावर मारून गेला.

दहापर्यंत अकरा मासे झाले, बाकी सगळे ९ ते १३ इंची. मग ऊन चढलं, पाणी तापलं, आणि हावरेपणा नडला. एका बेटाच्या पलीकडे छान काळसर डोह दिसत होता. तिकडे जाताना कातळाची पायरी संपली आणि पुढचा पाय कुठेच टेकला नाही. छातीपर्यंत आत. वाहून वगैरे गेलो नाही, काठीने सावरलं, चार पावलं मागे आलो. पण गाडीची किल्ली पँटच्या खिशात होती. जलरोधक पिशवी छातीवर, त्यात बिस्किटं. किल्ली खिशात!

गाडी उघडेना. दीड तास पार्किंगमध्ये ओल्या पँटीत बसलो. बायको दुसरी किल्ली घेऊन आली आणि काच खाली करून विचारलं, "मासा?"

"सोडला."

"किल्ली?"

मी गप्प.

"आता बास," म्हणाली.

---

नाचणी_भाकर
१२ ऑगस्ट, २३:३५

=)) =)) शेवट जबरी. वहिनींना दंडवत.

फोटो कुठे आहेत? फोटो नसलेला मासा तीन इंच मोठा असतो असा आमच्याकडे नियम आहे.

---

पाण्यातला_दगड
१२ ऑगस्ट, २३:४८

फोन त्याच खिशात होता. तो वाचला, पण आजचे फोटो धुरकट आलेत, लेन्सच्या आत वाफ. १४ इंच धरा हवं तर.

---

वरणभात_तूप
१३ ऑगस्ट, ०७:१०

लेखन आवडलं म्हणून वाचलं पूर्ण. पण एक प्रश्न मनापासून विचारतो, "हलके घ्या" असं म्हणत नाही, खरंच विचारतोय. खायचा नाही तर पकडायचा कशाला? भाईकाकांनी पकडला असता तर त्याचं कालवण झालं असतं, ते मी शाकाहारी असूनही समजू शकतो. ओठात लोखंड घालून पाच मिनिटं फरफटवायचं आणि मग "जा बाळा" म्हणायचं, हे मला जास्त क्रूर वाटतं.

---

पाण्यातला_दगड
१३ ऑगस्ट, ०८:३०

प्रश्न रास्त आहे आणि मला तो दर वर्षी संगमेश्वरहून फोनवर येतोच. आई तर म्हणते, एवढं पेट्रोल जाळून रिकाम्या हाताने येतोस, मग देवळात तरी जा.

सरळ उत्तर: इथे खायला परवानगीच नाही. २००५ च्या उन्हाळ्यात या नदीत बासची बोटभर पिल्लं अंगावर फोड येऊन मोठ्या संख्येने मेली. पुढेही बऱ्याच वर्षी तेच. मोठे मासे म्हातारे होत गेले आणि मागून नवे येईनात. म्हणून २०१२ पासून राज्याच्या मत्स्य आयोगाने मधल्या सस्क्वेहानाचा जवळजवळ ९८ मैलांचा पट्टा आणि जुनिआटा या उपनदीचा खालचा भाग 'पकडा आणि लगेच सोडा' असा केला. कारण एकच सापडलं नाही. जिवाणू, विषाणू, शेतातून येणारी रसायनं, उन्हाळ्यात तापलेलं उथळ पाणी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. नर माशांच्या अंगात अंडपेशी सापडल्या होत्या. २०१५ मध्ये डंकॅननजवळच्या एका बासच्या जबड्यावर कर्करोगाची गाठ निघाली, तो फोटो इथे सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर स्थिती सुधारली, छोटे मासे आता खूप लागतात. माझ्या अकरातले दहा छोटे होते, हे रडगाणं नाही, चांगली बातमी आहे.

पण हे "खात का नाहीस" याचं उत्तर झालं. "पकडतोस का" याचं उत्तर माझ्याकडे नाही. माशाला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. गळाचा काटा दाबून सपाट करतो, हात ओले करून धरतो, पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नाही, भर दुपारी पाणी फार तापलं की थांबतो. तरी आवडतं म्हणून जातो, एवढंच.

---

वरणभात_तूप
१३ ऑगस्ट, ०८:५२

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. पटलं नाही, पण भांडण मिटलं.

---

मुठाकाठ
१३ ऑगस्ट, ०९:४०

मस्त धागा. अवांतर करतो, थांबवा हवं तर.

खडस वाचून गलबललो. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं, आजच्या टॉर खुद्री या नावातलं 'खुद्री' तेव्हाचं. आज त्याच मुठेत संभाजी पुलावरून खाली बघायची हिंमत होत नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरवाले कितीतरी वर्षं महसीरची पिल्लं वाढवून तलावांत सोडतात. लहानपणी वडिलांबरोबर बघायला गेलो होतो. हौदात काळी पाठ आणि निळसर पर, अजून डोळ्यासमोर आहे.

तुमच्याकडे नदी आजारी पडली तर दोन वर्षांत नाही तरी सात वर्षांत नियम आला. आपल्याकडे आधी नदी आहे हे सिद्ध करावं लागतं.

---

खडूस_करवंद
१३ ऑगस्ट, १०:१५

@मुठाकाठ +१, पण अमेरिकेचं फार कौतुकही नको. धरणं, अणुभट्टी, सगळं त्याच नदीवर केलंय त्यांनी. थ्री माइल आयलंडची अणुभट्टी कुठे आहे बघा नकाशावर. शॅड नावाचा मासा समुद्रातून या नदीत चढायचा, खालच्या धरणांनी त्याची वाट बंद केली. पहिल्या पावसात ओढ्यांत चढणाऱ्या आपल्या वलगणीच्या माशांसारखाच प्रकार.

---

एडिसनची_आजी
१३ ऑगस्ट, १०:३२

लेखात एक गोष्ट नाही. एकटा गेला होतास का रे? काठीने सावरलं म्हणतोस. नसतं सावरलं तर?

---

पाण्यातला_दगड
१३ ऑगस्ट, १२:०५

आजी, एकटाच होतो. चूक आहे, मान्य. कमरेला फुगणारा जॅकेटपट्टा असतो माझ्याकडे, तो काल गाडीत होता. गाडी बंद होती. :(

---

थंडोबा_टोरांटो
१३ ऑगस्ट, १९:२०

आजींचा मुद्दा फार महत्त्वाचा, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी ग्रँड नदीत पंधरा वर्षं हेच करतोय.

पाण्यात पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी पाठीवरून ढकलून तोंड खाली दाबतं. गुडघाभर पाण्यात माणसं बुडतात ती अशीच. उताणं व्हायचं, पाय पुढे आणि वर, हातांनी कडेला वल्हवत जायचं. नदी ओलांडताना वरच्या बाजूला तिरकं चालू नये, खालच्या बाजूला तिरकं चालावं. अंगाची बाजू धारेकडे ठेवावी, छाती नाही. आणि जाताना येण्याचा विचार करावा. प्रवाहाबरोबर जिथे सहज गेलात तिथून उलट येता येईलच असं नाही.

हॅरिसबर्गकरांनी डॉक स्ट्रीटच्या बुटक्या बंधाऱ्याजवळ तर अजिबात फिरकू नये. दिसायला दोन-चार फुटांची पाण्याची घडी, पण खाली पाणी स्वतःभोवती फिरत राहतं, माणसाला वर येऊ देत नाही. तिथे कितीतरी जीव गेलेत.

आणखी एक. "नर मासा" वरून आठवलं. आमच्याकडे दक्षिण ओंटारियोत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो, त्याचं कारण फार गोड आहे. वसंतात पाणी पंधरा-सोळा सेल्सियसला आलं की नर खडीत शेपटीने थाळीएवढा खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि बाप राखण करत बसतो. त्या काळात तो भुकेने नाही, रागाने गळाला लागतो. त्याला पाच मिनिटं उचलला तरी शेजारचे सनफिश अंडी फस्त करतात. म्हणून पालवी फुटते त्या दिवसांत आम्ही बासचं नाव काढत नाही.

---

नाचणी_भाकर
१३ ऑगस्ट, १९:५५

आई अंडी घालून निघून जाते आणि बाप घर सांभाळतो. हा मासा आमच्या सोसायटीत दाखवला पाहिजे.

---

पानफुटी
१३ ऑगस्ट, २१:१०

मासेमारीत गती नाही, पण वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून विचारते. अशा पायऱ्यांवर, पाण्यात उभी वाढणारी हिरवी झाडी असते का? लांबट पानं, जुलैत पांढरी-जांभळी छोटी फुलं?

---

पाण्यातला_दगड
१३ ऑगस्ट, २१:३०

हो! वॉटर विलो म्हणतात इथे. संध्याकाळी तिच्या कडेने वरून तरंगणारं, टपटप करणारं आमिष टाकलं की मासा गवतातून झेपावतो. तुम्हाला कसं कळलं?

---

पानफुटी
१३ ऑगस्ट, २१:४४

कारण ती विलो नाहीच. तिचं नाव जस्टिशिया अमेरिकाना. आणि आपला अडुळसा म्हणजे जस्टिशिया अधाटोडा. नुसत्या एकाच कुळातल्या नाही, एकाच वंशातल्या (जीनसमधल्या) बहिणी. फुलाची खालची पाकळी नीट बघा पुढच्या वेळी, तीच जांभळ्या रेघांची जीभ. तुम्ही खोकल्याच्या काढ्याच्या बहिणीत मासे धरताय.

---

पाण्यातला_दगड
१३ ऑगस्ट, २१:५८

आमच्या पडवीसमोर अडुळशाचं कुंपण होतं. चार वर्षं त्या झाडीत उभा राहतोय आणि एकदाही ओळखलं नाही. कमाल आहे.

---

रेल्वेवेडा_पनवेल
१३ ऑगस्ट, २२:२०

रॉकव्हिल पुलाचा उल्लेख आला म्हणून धाग्यावर आलो, माशांचं मला काही कळत नाही. पण मासे आणि रेल्वेचा संबंध आहे बरं. हा स्मॉलमाउथ तुमच्या नदीचा मूळ रहिवासी नाही. तो डोंगरापलीकडचा, ओहायो आणि मोठ्या सरोवरांच्या खोऱ्यातला. १८५४ साली शेजारच्या पोटोमॅक नदीत तो पहिल्यांदा आला तो बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने, वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या टेंडरच्या पाण्याच्या टाकीत बसून! बोगदे ओलांडून कंबरलँडला उतरवला. सस्क्वेहानातही पुढे तसाच माणसांनीच सोडलेला. म्हणजे विनातिकीट प्रवासी, आणि नंतर तिथलाच मानाचा नागरिक.

---

खडूस_करवंद
१३ ऑगस्ट, २२:३१

डोंगर ओलांडून आला, आधी परका, मग सगळ्यांचा लाडका. एच-वन बास.

---

पाण्यातला_दगड
१३ ऑगस्ट, २२:४०

@रेल्वेवेडा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी चार वर्षं लोकांना "इथला मूळ मासा" असंच सांगत आलोय. त्या सगळ्यांची माफी.

@खडूस, ग्रीन कार्डाची वाट बघणाऱ्यांना असे विनोद झोंबतात, लक्षात असू द्या.

---

दोन_पोरांची_आई
१४ ऑगस्ट, ०६:५०

आम्ही मेकॅनिक्सबर्गला नवीन आलोय. मुलगा ११, मुलगी ८. त्यांना नेता येईल का? परवाना लागतो का? जळवा असतात का? (शेवटचा प्रश्न माझा.)

---

पाण्यातला_दगड
१४ ऑगस्ट, ०८:१५

वहिनी, मुलांना परवाना लागत नाही, पेनसिल्व्हेनियात १६ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. तुम्ही स्वतः गळ हातात धरणार असाल तर काढा, ऑनलाइन मिळतो. यंदाचं नियमपुस्तकही तिथेच आहे, ते एकदा वाचाच.

मुलांना सस्क्वेहानात एकदम उतरवू नका. कोनोडोग्विनेट ओढा तुमच्या घरामागूनच जातो, त्यात घोट्यापर्यंतच्या पाण्यात दगड उलटे करून क्रेफिश शोधायला लावा. एक तास त्यातच जातो. मग लहान गळ आणि गांडूळ. बास नाही लागला तरी सनफिश लागतोच. लाइफजॅकेट मात्र घोट्यापर्यंतच्या पाण्यातही घाला. जळवा मला अजून चिकटलेली नाही.

---

नाचणी_भाकर
१४ ऑगस्ट, ०९:०२

ऑगस्टमध्ये तिकडे पांढऱ्या माश्यांचा पाऊस पडतो म्हणे संध्याकाळी? भाऊ लँकेस्टरला असतो, तो सांगत होता की पुलावर अक्षरशः फावड्याने ओढतात.

---

पाण्यातला_दगड
१४ ऑगस्ट, १२:३०

मेफ्लाय. वर्षभर तळाच्या गाळात राहतात आणि एका संध्याकाळी सगळ्या एकदम बाहेर. पंख आले की जेमतेम काही तासांचं आयुष्य, तोंडही खाण्याच्या कामाचं नसतं. दिव्याकडे झेपावतात. २०१५ च्या जूनमध्ये कोलंबिया-राइट्सव्हिल पुलावर त्यांचा इतका खच पडला की मोटारसायकली घसरल्या आणि पूल बंद करावा लागला होता.

गळवाल्याला मात्र ती संध्याकाळ म्हणजे परीक्षा. चारी बाजूंनी मासे पृष्ठभागावर घोट घेतायत, चुळुक चुळुक आवाज येतोय, आणि तुमचं रबरी आमिष कोणी ढुंकून बघत नाही. लाखभर खऱ्या माश्या पडलेल्या असताना तुमची खोटी कोण खाणार? गेल्या वर्षी तासभर उभा होतो. शेवटी रॉड काखेत धरून नुसता बघत राहिलो. कानात, शर्टात, डब्यातल्या पोळीवर, सगळीकडे माश्या. वटवाघळं इतक्या खालून जात होती की वारा गालाला लागत होता.

---

थंडोबा_टोरांटो
१४ ऑगस्ट, २०:४५

पुढच्या शनिवारी कामानिमित्त हॅरिसबर्गला आहे. येऊ का? दोघं असलो की आजीही रागावणार नाहीत.

---

एडिसनची_आजी
१४ ऑगस्ट, २१:००

जा दोघं. पट्टा कमरेला बांधून जा, गाडीत ठेवून नको.

---

पाण्यातला_दगड
१४ ऑगस्ट, २१:२५

या की! फोर्ट हंटर, पहाटे साडेपाच. पोहे माझ्याकडून. नवीन किल्ली आजच आली, किंमत विचारू नका, त्या पैशांत संगमेश्वरला जाऊन आलो असतो.

---

पाण्यातला_दगड
१८ ऑगस्ट, २१:४०

@थंडोबा, काल रात्रीपासून वरच्या अंगाला धो धो पाऊस आहे. जुनिआटा चहासारखी झालीय. हॅरिसबर्ग आत्ता ४.९ आणि चढतंय. शनिवार रद्द. पोहे घरी खायला या, बायको बोलावतेय.